‘कशावरून?’ : युद्ध सरलेल्या प्रदेशात संशोधनपर लेखन शिकवायला निघालात तर

पहिल्याच तासाला मी फळ्यावर एक शब्द लिहिला होता : ‘कशावरून?’ संशोधनपर लेखनाचं सगळं सार या एका प्रश्नात आहे, असं मला मुलांना सांगायचं होतं. पुढच्या बाकावरचा एक मुलगा शांतपणे म्हणाला, “मॅडम, हा प्रश्न आम्हाला आजवर नाक्यावर विचारलाय. बंदूक घेतलेल्या माणसाने.” वर्गात कुणी हसलं नाही.

तो तास मी कसाबसा पार पाडला. पुढे काही सत्रं तिथे शिकवल्यावर जे हाती लागलं, ते नव्याने जाणाऱ्यांसाठी क्रमाने मांडते आहे. गाव आणि विद्यापीठ मुद्दाम सांगत नाही. माझे विद्यार्थी ओळखू येऊ नयेत, एवढंच त्यामागचं कारण.

जाण्याआधी : हुकलेली वर्षं मोजा

अभ्यासक्रम आखायला बसण्याआधी एक कोरा कागद घ्या. तुमच्या वर्गातला वीस-बावीस वर्षांचा विद्यार्थी कोणत्या वर्षी कितवीत होता, त्या वर्षी त्याच्या भागात काय चाललं होतं, शाळा उघडी होती का, आणि असलीच तर कोणत्या भाषेत चालत होती, याचा तक्ता करा. हा एक तास पुढचे कितीतरी गैरसमज वाचवतो.

भाषेचा रकाना नीट भरा. रवांडात २००८मध्ये सरकारने शिक्षणाचं माध्यम फ्रेंचवरून इंग्रजीवर नेण्याचा निर्णय घेतला. पूर्व तिमोरमध्ये १९७५ ते १९९९ या इंडोनेशियाच्या ताब्याच्या काळात शाळा इंडोनेशियन भाषेत चालल्या, आणि २००२च्या राज्यघटनेने पोर्तुगीज आणि तेतुम या अधिकृत भाषा ठरवल्या. अशा ठिकाणी प्राध्यापकाची शिकण्याची भाषा एक, विद्यार्थ्याची शाळेची भाषा दुसरी आणि प्रबंधाची तिसरी असू शकते. मूल नीट लिहीत नाही असं वाटतं तेव्हा अनेकदा ते तीन भाषांमध्ये वाट काढत असतं.

पुस्तकांचा रकानाही भरा. श्रीलंकेतल्या जाफनाचं सार्वजनिक ग्रंथालय १९८१मध्ये जाळलं गेलं, तेव्हा सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि ताडपत्रांवरची हस्तलिखितं गेली. बोस्नियाच्या राजधानीतलं, सरायेव्होतलं राष्ट्रीय आणि विद्यापीठ ग्रंथालय ऑगस्ट १९९२मध्ये तोफांच्या माऱ्यात पेटलं. ती इमारत पुन्हा उघडायला २०१४ उजाडलं. इराकमधल्या मोसुल विद्यापीठाचं मध्यवर्ती ग्रंथालय शहर इसिसच्या ताब्यात असताना उद्ध्वस्त झालं आणि २०२२मध्ये पुन्हा सुरू झालं. कोसोवोत तर १९९१मध्ये अल्बेनियन शिक्षक-विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या इमारतींतूनच बाहेर काढलं गेलं आणि १९९९पर्यंत त्यांचे वर्ग लोकांच्या घरांत भरले.

घरात भरणाऱ्या वर्गाला ग्रंथालय नसतं. शिक्षक सांगणार आणि मुलं शब्दन्‌शब्द उतरवून घेणार. पुस्तक जळू शकतं, वही घरी राहते. मी गेले तेव्हा ‘ही मुलं सगळं उतरवून काढतात’ अशी तक्रार बाहेरून आलेले सगळेच शिक्षक करत होते. उतरवून घेणं हा त्या मुलांसाठी ज्ञान वाचवण्याचा मार्ग होता, हे समजायला मला बरेच महिने लागले. वाङ्मयचौर्याची धमकी देत पहिला तास सुरू करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

पहिला आठवडा : त्यांचं लेखन वाचा, स्वतःचं शिकवणं मागे ठेवा

वर्गातच बसून एक पान लिहून घ्या. विषय साधा हवा : ‘तुम्हाला चांगलं जमणारं एक काम दुसऱ्याला कसं शिकवाल?’ सायकलचं पंक्चर काढणं, विणकाम, मोबाइल दुरुस्ती, काहीही. ‘माझ्या आयुष्यातला अविस्मरणीय प्रसंग’ हा विषय तर चुकूनही देऊ नका. अविस्मरणीय काय असेल, हे तुम्हाला ठाऊक नसतं, आणि अनोळखी माणसापुढे ते मांडायला भाग पाडण्याचा अधिकार मार्क देणाऱ्याला नाही.

हे पान तपासू नका. वाचा आणि स्वतःसाठी टिपून ठेवा. वाक्यं किती लांब, मुद्दा कुठे येतो, ‘मी’ येतो का, उदाहरण येतं का. बहुतेक ठिकाणी तुम्हाला दिसेल की काम शिकवताना मुलं अचूक क्रमाने, कारणं देत लिहितात. “आधी हवा काढा, नाहीतर ट्यूब चिमटते.” दावा आणि कारण दोन्ही त्यात आलं. पुढे तर्कशुद्ध परिच्छेद शिकवताना मी याच वाक्यांकडे बोट दाखवत असे : हे तुम्हाला येतंच, आता विषय बदलायचा आहे.

‘कशावरून?’ला सुरक्षित करा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. माझ्या मते सत्राचा निम्मा वेळ इथे गेला तरी चालेल.

शब्दांपासूनच सुरुवात करावी लागते. आपल्या मराठीतही दावा, पुरावा, साक्ष हे शब्द कोर्टाच्या पायरीवरचेच आहेत. जिथे लोकांनी चौकशा, जबान्या आणि याद्या भोगल्या आहेत, तिथे अशा शब्दांनी मुलं आक्रसतात. मी वर्गालाच विचारलं, घरात आजी तुमच्यावर विश्वास ठेवत नसेल तर काय म्हणते? त्यांच्या भाषेतला जो घरगुती वाक्प्रचार आला, तोच आम्ही सत्रभर वापरला. पुस्तकी संज्ञा त्यानंतर, हळूहळू आणल्या.

मग हा प्रश्न आधी स्वतःवर उलटवा. तुम्हीच एक परिच्छेद लिहून फळ्यावर मांडा, त्यात दोन-तीन कच्ची विधानं ठेवा आणि मुलांना म्हणा, मला विचारा. शिक्षकाला ‘कशावरून?’ विचारूनही काही वाईट होत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. माझ्या वर्गात पहिला प्रश्न यायला दहा मिनिटं लागली. तेवढी शांतता सहन करा, मध्ये बोलू नका.

यानंतरच विद्यार्थ्यांच्या मजकुराकडे वळा. एका मुलीने लिहिलेला परिच्छेद तिच्या परवानगीने, मराठीत सांगते :

“युद्धामुळे आमच्या भागातलं शिक्षण पूर्णपणे नष्ट झालं. सर्व शाळा बंद पडल्या. हे सर्वांना माहीत आहे.”

आम्ही तीन शब्दांखाली रेघा मारल्या : पूर्णपणे, सर्व, सर्वांना. त्यातल्या किती शाळा तू पाहिल्यास? बंद म्हणजे किती काळ? मी बाहेरची आहे, मला माहीत नाही, मग मला कसं कळावं? पंधरा दिवसांनी ती नवा मसुदा घेऊन आली :

“मी तीन शाळांमध्ये चौकशी केली. त्यांपैकी दोन शाळांच्या हजेरीपटात दोन वर्षांच्या नोंदी नाहीत. तिसऱ्या शाळेतल्या शिक्षिकेने सांगितलं की, त्या काळात त्या स्वतःच्या घरी मुलांना शिकवत होत्या. म्हणजे इमारती बंद होत्या, पण शिक्षण पूर्ण थांबलं होतं असं म्हणता येत नाही.”

हा मसुदा वाचून दाखवल्यावर तिनेच विचारलं, “पण मॅडम, असं लिहिलं तर आमचं दुःख लहान होत नाही का?” या प्रश्नाची तयारी करून ठेवा. तो येतोच, आणि यायलाच हवा. मी तिला म्हटलं, पहिला परिच्छेद कुणीही ‘अतिशयोक्ती आहे’ म्हणून बाजूला सारेल. हजेरीपटातली ती दोन कोरी वर्षं कुणाला बाजूला सारता येतील? आणि घरी शिकवणाऱ्या त्या बाई पहिल्या परिच्छेदात कुठे होत्या? ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “त्यांना मी अजून एकदा भेटून येते.”

आकडा आला की थांबा

मृतांची संख्या, विस्थापितांची संख्या, पाडलेली घरं, असे आकडे प्रत्येक निबंधात येतात आणि प्रत्येक गटाचे वेगळे असतात. वर्गात स्थानिक आकड्यांवर एकदम चर्चा सुरू करू नका. आधी दुसरीकडचं उदाहरण घ्या. बोस्नियाचं फार उपयोगी पडतं.

बोस्नियातल्या १९९२ ते १९९५च्या युद्धात किती माणसं मेली? युद्धकाळात आणि नंतरही अनेक वर्षं दोन लाखांचा आकडा सर्रास सांगितला जायचा. पुढे सरायेव्होतल्या एका संशोधन केंद्राने एकेका व्यक्तीचं नाव नोंदवत मोजदाद केली आणि २००७मध्ये मृत व बेपत्ता मिळून सुमारे ९७ हजारांची यादी मांडली. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या लोकसंख्यातज्ज्ञांचा अंदाज सुमारे १ लाख ४ हजार ७०० आला. हे तिन्ही आकडे फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाखाली चार प्रश्न : कोणी मोजलं, कधी, कोणाला मोजलं, कोणत्या पद्धतीने? नावानिशी केलेली यादी आणि संख्याशास्त्रीय अंदाज यांत फरक का पडतो, हे मुलं स्वतः शोधतात. आकडा कमी झाला म्हणून गुन्हा कमी होत नाही, आणि यादीत आलं म्हणून त्या माणसाला नाव परत मिळतं, हे माझ्या वर्गात एका विद्यार्थ्यानेच सांगितलं.

त्यानंतर नियम एकच : चार प्रश्नांची उत्तरं जवळ नसतील तर आकडा निबंधात जाणार नाही. अहवालांच्या बाबतीत हा नियम जास्तच कडक ठेवा. अशा प्रदेशांवरचं बरंचसं लेखन बाहेरच्या संस्थांचं असतं आणि एका अहवालातला आकडा दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरत राहतो. मुलांना त्या आकड्याच्या मागे मागे चालत मुळापर्यंत जायला लावा. कधीकधी मुळाशी काहीच नसतं. तसं आढळलं, तर तेही लिहिण्याजोगं आहे.

‘करण्यात आलं’ आणि ‘असावं’

संशोधनपर लेखनाच्या पुस्तकांत कर्मणी प्रयोगाची सवय लावतात. इथे जपून. “गाव रिकामं करण्यात आलं.” कोणी केलं? हे वाक्य तटस्थ दिसतं, पण करणारा त्यातून निसटतो. विद्यार्थ्याकडे स्रोत असेल तर कर्ता लिहायला सांगा. नसेल तर “हे कोणी केलं याची नोंद मला मिळाली नाही” असं सरळ लिहू द्या.

‘असावं’, ‘दिसतं’, ‘उपलब्ध नोंदींनुसार’ या सावध शब्दांचंही तसंच. मुलं ते वापरतात तेव्हा समासात एवढंच विचारा : हे वाक्य मऊ केलंस ते पुरावा कमी आहे म्हणून, की भीती वाटते म्हणून? पुरावा कमी असेल तर शब्द योग्य आहे. भीती असेल तर तो लेखनकौशल्याचा प्रश्न उरत नाही. तेव्हा एकांतात बोला, वाक्य ठेवायचं की काढायचं हे त्याला ठरवू द्या, आणि काढलं म्हणून मार्क कापू नका.

गावांच्या आणि घटनांच्या नावांवरूनही वाद होतात. उत्तर आयर्लंडमधल्या एकाच शहराला कोणी डेरी म्हणतं, कोणी लंडनडेरी, आणि १९९८च्या शांतता करारानंतरही शब्दावरून बोलणाऱ्याची बाजू ओळखली जाते. तोडगा साधा आहे. निबंधाच्या सुरुवातीलाच दोन ओळी : मी हे नाव वापरत आहे, या कारणासाठी, दुसरं नाव असं आहे. वर्गातल्या दोन्ही बाजूंना हे मान्य होतं, कारण कुणालाही आपलं नाव सोडावं लागत नाही.

स्रोत कुठून आणायचे

ग्रंथपालाला पहिल्या दिवशीच भेटा. ‘रिसर्च फोर लाइफ’ या उपक्रमातून कमी उत्पन्नाच्या देशांतल्या नोंदणीकृत संस्थांना हजारो नियतकालिकं मोफत किंवा अल्प दरात वाचता येतात. त्यातला आरोग्याचा भाग, ‘हिनारी’, २००२पासून सुरू आहे. अनेकदा विद्यापीठाची नोंदणी असते, पासवर्ड एकाच माणसाकडे असतो आणि विद्यार्थ्यांना त्याचा पत्ताच नसतो. नोंदणी नसेल तर तुमच्या मुक्कामातलं ते पहिलं काम समजा. खुली, म्हणजे मोफत वाचता येणारी नियतकालिकं शोधायला डीओएजे (डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स) ही ऑनलाइन सूची आहे, तिला लॉगिन लागत नाही. संदर्भ जपून ठेवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि एकदा उतरवलेली पानं नेट नसतानाही उघडतात. वीज आणि नेट असेल त्या तासात वर्गाने मिळून लेख उतरवावेत आणि पेनड्राइव्हवरून वाटून घ्यावेत.

कागद जळलेले असतात तिथे माणसं हाच स्रोत उरतो. पण मुलाखतीला पाठवण्याआधी एक पूर्ण तास फक्त संमतीवर घ्या. समोरच्याला काय सांगायचं, नाही म्हणायची मोकळीक कशी द्यायची, मध्येच थांबायचं कधी. टिपणात नावाऐवजी खूण वापरायची आणि कोणती खूण कोणाची, हा कागद वेगळ्या जागी ठेवायचा. मोबाइलमधल्या फाइलला माणसाचं किंवा गावाचं नाव द्यायचं नाही. संदर्भ देतानाही अडचण येत नाही : एपीए या संदर्भ देण्याच्या प्रचलित पद्धतीत स्वतः घेतलेल्या मुलाखती संदर्भसूचीत जातच नाहीत. संशोधनात सहभागी झालेल्यांविषयी पद्धतीच्या भागात, ओळख न उघडता लिहिता येतं.

जमिनीची मालकी, बेपत्ता माणसं, परतलेली कुटुंबं हे विषय तुम्हाला बाहेरून कोरडे शैक्षणिक वाटतील. त्यातले काही आजही जिवावर बेततात. विद्यार्थ्याला होकार देण्याआधी स्थानिक सहकाऱ्याला विचारा, आणि तो गप्प राहिला तर तेही उत्तर समजा.

उतरवणं आणि संदर्भ देणं

आता कॉपीचा विषय काढा, आधी नाही. ज्यांनी वह्यांतून ज्ञान वाचवलं त्यांचं नाव घ्यायचं, या बाजूने शिकवलं की मुलांना संदर्भ देणं कृतज्ञतेचं वाटतं. सराव असा : एक परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, शेजाऱ्याला तोंडी सांगा, मग लिहा आणि शेवटी मूळ उघडून ताडून बघा. साम्य दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची टक्केवारी म्हणजे चोरीचा निकाल नव्हे. अवतरणं आणि संदर्भसूचीही त्यात मोजली जाऊ शकतात. अहवाल विद्यार्थ्यासोबत बसून वाचा.

प्रस्तावना लिहायला शिकवताना संशोधनपर लेखनाचे अभ्यासक जॉन स्वेल्स यांची १९९०ची तीन टप्प्यांची मांडणी अजूनही सगळ्यात सोपी पडते. फक्त तिची मूळ नावं वापरू नका. त्यात ‘प्रदेश प्रस्थापित करणे’ आणि ‘जागा व्यापणे’ असे शब्द आहेत, आणि ज्यांची घरं व्यापली गेली त्यांना ते ऐकवताना माझीच जीभ अडखळली. आम्ही तिथेच नावं बदलली : आजवर काय झालंय, काय राहिलंय, मी काय करणार आहे. ‘काय राहिलंय’मध्ये या मुलांना कधीच तोटा पडत नाही.

मसुदे, शेरे आणि वेळापत्रक

पहिला मसुदा मातृभाषेत लिहू द्या. विचार आधी उभा राहू दे, भाषांतर नंतर होईल. शेरे जास्तीत जास्त तीन, त्यातला पहिला मजकुरावर. व्याकरणाच्या चुका दुसऱ्या मसुद्यापर्यंत राहू द्या.

कुणी स्वतःहून आपल्या घरातल्या मृत्यूबद्दल लिहिलं, तर आधी माणूस म्हणून दोन ओळी लिहा. मग एकांतात विचारा : हे तपासायला दिलंयस, की वाचायला? दोन्ही उत्तरं मान्य करा. विद्यापीठात किंवा गावात समुपदेशनाची काय सोय आहे, ही माहिती आधीपासून खिशात असू द्या. आणि तो मजकूर कुठल्याही अहवालात किंवा देणगीदारांपुढे वापरू नका.

एकमेकांचे मसुदे वाचायला देताना नावं काढून द्या आणि दोनच प्रश्न विचारा : तुला कोणतं वाक्य सगळ्यात पटलं? कोणत्या वाक्याला ‘कशावरून?’ विचारशील? दोन गटांतली मुलं मुद्दाम जोडीने बसवून समेट घडवायचा मोह होतो. मी एकदा तसं केलं आणि पुढचे दोन तास निम्मा वर्ग आला नाही. लेखनाचा तास लेखनाचाच असू द्या.

वेळापत्रकात दर चार आठवड्यांमागे एक आठवडा मोकळा ठेवा. रस्ता बंद होतो, वीज जाते, कुणाच्या घरी कागदपत्रांसाठी रांगेत उभं राहायचं असतं. पहिले तीन आठवडे दीडशे शब्दांचे परिच्छेद, मध्ये स्रोत आणि टिपणं, शेवटी दीड हजार शब्दांचा एकच निबंध, तोही दोन मसुद्यांत. एवढं पुरेसं होतं. कागदावर हाताने लिहिलेलं घ्यायला नाही म्हणू नका.

सत्र संपताना निबंधांची एक प्रत विभागाच्या कपाटात ठेवा आणि पुढच्या तुकडीला सांगा की किमान एक संदर्भ या कपाटातून यायला हवा. हजेरीपटावरचा तो निबंध पुढच्या वर्षी दोघांनी वापरला. एकाने त्या मुलीच्या निष्कर्षाला विरोध केला, चौथ्या एका शाळेच्या नोंदी दाखवून. प्रत कपाटात ठेवण्याआधी मात्र लेखकाची लेखी परवानगी घ्या, आणि मुखपृष्ठावर नाव घालायचं की नाही, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. मत बदललं तर प्रत परत नेण्याची मुभाही त्याच कागदावर लिहून द्या.